कोल्हापूर ते मुंबई: आकाशातले ३०८ किलोमीटर आणि घरापासूनचे पावणेपाच तास

प्रश्न असा आहे: "आईला तपासणीसाठी परळला न्यायचं आहे. सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. कोल्हापूरहून मुंबई विमानानं किती लांब आणि किती वेळ, हे नेटवर बघितलं तर एका ठिकाणी ३०८ किलोमीटर आणि २१ मिनिटं, दुसरीकडं २९० किलोमीटर, आणखी एके ठिकाणी नुसताच १६६ हा आकडा. तिकिटावर मात्र १ तास ५ मिनिटं लिहिलंय. यातलं खरं काय धरायचं आणि घरातून कधी निघायचं?"

ताई, हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तुमचा प्रश्न त्यातल्या एकाचाही नाही. मी सव्वीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचचं काम केलं. म्हणजे वैमानिक विमानात चढण्याआधी त्याच्या हातात जो कागद पडतो, कुठल्या मार्गानं जायचं, किती उंचीवरून, वारा किती, इंधन किती, तो तयार करायचं काम. अंतर आणि वेळ हाच माझा रोजचा धंदा होता, म्हणून जरा मुळापासून सांगतो. शेवटी तुमच्या अकराच्या वेळेवर येतोच.

आधी ३०८. हा आकडा उजळाईवाडीचा विमानतळ आणि मुंबईचा सहार-सांताक्रूझचा विमानतळ यांच्यातल्या सरळ रेषेचा आहे. तो तुम्हाला घरी कागदावर काढता येईल. उजळाईवाडी साधारण १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशातला फरक २.४३ अंश. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा उत्तरेकडं जायचं अंतर झालं २६९ किलोमीटर. रेखांशाचं तसं नसतं, कारण रेखांश ध्रुवाकडं जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात. आपल्या पट्ट्यात एक रेखांश सुमारे १०६ किलोमीटरचा पडतो. फरक १.४२ अंशाचा, म्हणजे पश्चिमेकडं १५० किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस लावा: २६९ चा वर्ग, १५० चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. ३०८ येतात. संकेतस्थळं पृथ्वीची गोलाई धरून जरा मोठं सूत्र वापरतात, पण एवढ्या जवळच्या अंतराला दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखीच येतात.

ही रेषा जाते कुठून, हे बघण्यासारखं आहे. भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि उजळाईवाडीपासून मुंबईपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा जोतिबाच्या डोंगराला डाव्या हाताला ठेवून निघतो. कराड, सातारा, पुणे सगळं उजवीकडं राहतं. कोयना धरणाच्या भिंतीच्या थोडा पूर्वेकडून जाऊन तो वर शिवसागर जलाशय ओलांडतो, महाबळेश्वरच्या पश्चिमेला सह्याद्री उतरतो आणि कोकणात शिरतो. पुढं रायगड किल्ल्याच्या अगदी शेजारून, पेणवरून, खाडी ओलांडून मुंबई. आपण कोल्हापूरकर मुंबई म्हटलं की मनातल्या मनात पुण्यावरून जातो, कारण महामार्ग तसा जातो आणि रेल्वेही तशीच जाते. दोऱ्याला पुण्याशी काही देणंघेणं नाही. म्हणूनच रस्त्यानं जे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास होतं, ते वरून ३०८ आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस तर मिरज, सांगली, सातारा, पुणे असा वळसा घेत पाचशे किलोमीटरच्या वर धावते.

आता २९०. ज्या संकेतस्थळानं हा आकडा दाखवला, त्यानं विमानतळ धरलेच नाहीत. त्यानं शहराचा मध्य ते शहराचा मध्य मोजलंय. कोल्हापूरच्या बाजूनं त्यानं फार फरक पडत नाही, उजळाईवाडी गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. पण मुंबईचा 'मध्य' म्हणून नकाशे बहुतेक वेळा फोर्टकडचा बिंदू घेतात आणि विमानतळ आहे वर उपनगरात. फोर्ट आपल्याला जवळ पडतो, म्हणून अंतर वीस किलोमीटरनं कमी दिसतं. विमान काही फोर्टात उतरत नाही, तेव्हा हा आकडा सोडून द्या.

आणि १६६ म्हणजे सागरी मैल. विमानाच्या आणि जहाजाच्या धंद्यात किलोमीटर चालत नाही, सागरी मैल चालतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तो असा विचित्र का, तर अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग साधारण एवढा येतो, त्यामुळं नकाशावरून अंतर थेट मोजता येतं. वैमानिक वेग सांगताना 'नॉट' म्हणतात तो याच मैलाचा ताशी हिशोब. ३०८ किलोमीटर आणि १६६ सागरी मैल एकच. ज्यानं पुढं एकक लिहिलं नाही त्याची ती चूक.

वेळेचं गणित जास्त महत्त्वाचं आहे, कारण लोक फसतात ते तिथं. २१ मिनिटं कशी आली? ३०८ ला ९०० नं भागलं. ताशी ९०० किलोमीटर हा मोठ्या जेट विमानाचा पूर्ण उंचीवरचा वेग. कोल्हापूर-मुंबईसारख्या छोट्या मार्गावर बहुधा एटीआर किंवा एम्ब्रेअरसारखी छोटी विमानं असतात. एटीआर हे पंख्याचं विमान, ते जास्तीत जास्त ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास जातं. एम्ब्रेअर १७५ हे जेट आहे, ते ताशी आठशेच्या वर जातं. पण जेट असलं तरी तो वेग त्याला या मार्गावर वापरायला मिळत नाही, कारण मार्ग संपतो.

कसा ते बघा. एटीआर १८ हजार फुटांवरून जाणार असेल असं धरू. उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, म्हणजे दोन हजार फुटांवर आहे. म्हणजे अजून सोळा हजार फूट चढायचंय. मिनिटाला हजार-बाराशे फुटांच्या हिशोबानं त्याला तेरा ते सोळा मिनिटं लागतात आणि चढताना वेग कमी असतो. ऐंशी-नव्वद किलोमीटर त्यात गेले. उतरण्याचा आमचा एक तोंडी हिशोब आहे: हजारातली उंची गुणिले तीन, तेवढे सागरी मैल आधी उतरायला लागायचं. अठरा त्रिक चोपन्न. ५४ सागरी मैल म्हणजे शंभर किलोमीटर. मघाच्या दोऱ्यावर मुंबईपासून शंभर किलोमीटर मागं या, तुम्ही रायगडाच्या थोडं पुढं असाल. म्हणजे विमान शिवसागरच्या आसपास पूर्ण उंचीवर पोचतं आणि रायगड मागं पडेपर्यंत उतरायला लागलेलं असतं. खऱ्या अर्थानं पूर्ण वेगानं ते जेमतेम सव्वाशे किलोमीटर चालतं. एवढ्या कमी अंतरात जेट आणि पंख्याच्या विमानात फरक पडतो तो दहा-बारा मिनिटांचा. 'जेट आहे म्हणजे निम्म्या वेळात पोचू' असा हिशोब करू नका.

पुढं मुंबई. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर दिवसभरात नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. जगात फार थोड्या ठिकाणी एका पट्टीवर एवढं काम होतं. वर्षातला बराच काळ विमानं पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडं तोंड करून उतरतात, घाटकोपरच्या डोक्यावरून. आपलं विमान येतं दक्षिणेकडून. म्हणजे त्याला आधी पूर्वेला जायचं, रांगेत लागायचं, मग वळून उतरायचं. या वळशात चाळीस-पन्नास किलोमीटर सहज वाढतात. रांग मोठी असेल तर नियंत्रक विमानाला हवेतच घिरट्या घालायला लावतो, आम्ही त्याला होल्डिंग म्हणतो. आकाश निरभ्र असतं, खाली पेण-पनवेलकडची मिठागरं आणि खाड्या दिसत असतात, शहर समोर दिसत असतं आणि विमान गोल गोल फिरत राहतं. पहिल्यांदा बसणारी माणसं घाबरतात. तुमच्या आईंना हे आधीच सांगून ठेवा की असं झालं तर विमानात काही बिघाड नाही, पुढच्याचा नंबर लागलेला आहे एवढंच. परत येताना पश्चिमेकडं उड्डाण होतं, म्हणजे आधी समुद्रावर जायचं आणि मग डावीकडं वळून दक्षिणेला लागायचं. वळसा तिथंही आहेच.

तिकिटावरचा १ तास ५ मिनिटं हा आकडा हे सगळं धरून आहे. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. विमान उभं असताना चाकांना अडसर लावलेले असतात, ते चॉक्स. कोल्हापुरात चॉक्स निघाल्यापासून मुंबईत चॉक्स लागेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. धावपट्टीपर्यंत जाणं, उड्डाण, वळसे, मुंबईत उतरल्यावर जागेवर पोचेपर्यंतची रांग, सगळं त्यात येतं. शिवाय कंपन्या मागच्या हंगामांचे खरे आकडे बघून त्यात थोडी भर घालून ठेवतात, कारण वक्तशीरपणा मोजताना ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत असलेलं विमान वेळेवर धरलं जातं. म्हणून कधीकधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं. वैमानिकानं वेग वाढवला असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती भर वापरली गेलेली असते. हवेत असण्याचा वेळ बहुतेक दिवशी ४० ते ५० मिनिटांचा असतो.

वाऱ्याबद्दलही थोडं सांगतो, कारण हैदराबादला जाणारी माणसं मला हे हमखास विचारतात. मुंबईच्या मार्गावर वारा बराचसा आडवा लागतो, फरक कमी पडतो. हैदराबाद सरळ पूर्वेला आहे, हवाई अंतर सुमारे ४४५ किलोमीटर. पावसाळ्यात एटीआर ज्या उंचीवरून जातं तिथं वारा पश्चिमेकडून येतो. विमानाचा वेग ५०० आणि वारा ४० धरला तर जाताना ५४० नं जाल, साधारण ४९ मिनिटं. येताना ४६० नं, ५८ मिनिटं. जाण्या-येण्यात नऊ मिनिटांचा फरक नुसत्या वाऱ्याचा. तिकिटावर जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी दिसली तर ती छपाईची चूक नव्हे.

बाकीच्या शहरांची हवाई अंतरं एका दमात सांगून टाकतो: बेंगळुरू सुमारे ५३०, तिरुपती ६५५, नागपूर ७००, अहमदाबाद ७३०, दिल्ली १३५० किलोमीटर. नवरात्रात अंबाबाईला ज्या तिरुपतीहून शालू येतो, ते वरून बघितलं तर नागपूरपेक्षाही जवळ आहे, हे आपल्याकडं फार जणांच्या लक्षात येत नाही. यातल्या कुठल्या मार्गावर आज थेट विमान आहे हे मात्र तिकीट काढायच्या दिवशीच बघा. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, आणि छोट्या विमानतळांवर काही विमानं आठवड्यातून मोजकेच दिवस असतात.

आता तुमचं काम. घर ते दवाखाना असा हिशोब मांडू. घरातून उजळाईवाडी, सकाळच्या वेळेला अर्धा तास. विमानतळावर सुटण्याच्या दीड तास आधी पोचा. काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतं आणि व्हीलचेअर घ्यायची तर तिला वेळ लागतो. विमान १ तास ५ मिनिटं. मुंबईत उतरून, सामान घेऊन बाहेर यायला २५ मिनिटं. तिथून परळ, गर्दीच्या वेळी सव्वा तास. बेरीज करा: ४ तास ४५ मिनिटं. त्यातला हवेतला भाग पाऊण तासाचा. रस्त्यानं सात-आठ तास लागतात, आणि महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम वाटेत लागलं तर त्याहून जास्त, तेव्हा विमानाचा फायदा मोठा आहे. पण तो २१ मिनिटांचा नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे: अकराच्या वेळेसाठी त्याच दिवशीच्या सकाळच्या विमानावर विसंबू नका. वेळापत्रकात जुळत असलं तरी नको. आदल्या दिवशी विमानानं जा आणि रात्री परळ-दादरकडं नातेवाइकांकडं किंवा लॉजवर राहा. राहायची सोय नसेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस वाईट नाही. आई झोपून जातील, सकाळी दादरला उतरलात की परळ हाकेच्या अंतरावर. सगळी हयात विमानात काढलेला माणूस रेल्वेचं नाव घेतोय, पण दवाखान्याची वेळ चुकली तर पुढची तारीख कधी मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हे मी पोटतिडकीनं सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी जुलैत माझी थोरली बहीण मुंबईहून येत होती आणि मी तिला आणायला उजळाईवाडीला उभा होतो. ढग इतके खाली आले होते की समोरची झाडं पुसट दिसत होती. विमानाचा आवाज डोक्यावरून गेला, दिसलं काहीच नाही. दहा मिनिटांनी पुन्हा आवाज आला, पुन्हा गेला, आणि मग आलाच नाही. मला त्या क्षणी कळलं की आता काय झालंय, कारण तो कागद मी आयुष्यभर भरलाय: ठरलेल्या विमानतळापर्यंतचं इंधन, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि त्यावर तीस मिनिटांचं राखीव. घिरट्या घालण्यासाठी धरलेलं इंधन संपत आलं की वैमानिक वाट बघत बसत नाही, पर्यायाकडं वळतो. त्यानं अगदी बरोबर केलं. पण बहीण त्या दिवशी घरी पोचली ती रात्री साडेदहाला, दुसऱ्या शहरातून रस्त्यानं. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाचे वडील त्याच विमानात होते आणि दुपारी त्यांची इथं कोर्टात तारीख होती. त्या मुलाला काय सांगावं मला सुचलं नाही. जून ते सप्टेंबर प्रवास असेल तर महत्त्वाच्या कामाच्या आधी एक अख्खा दिवस हातात ठेवा.

तिकीट काढताना आणखी एक गोष्ट तपासा. मुंबईचे आता दोन विमानतळ झालेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. आपल्यापासून तो वरून सुमारे २८८ किलोमीटर, म्हणजे वीस किलोमीटरनं जवळ, पण तुम्हाला जायचंय परळला, आणि उलव्याहून परळचा रस्ता वेगळा आहे. तिकिटावर बीओएम लिहिलं असेल तर जुना, एनएमआय असेल तर नवा. जुन्या विमानतळावरही टर्मिनल एक की दोन हे बघून ठेवा, न्यायला येणारा माणूस चुकीच्या टर्मिनलला थांबला तर अर्धा तास तिथंच जातो.

आणि आईंच्या जागेबद्दल. विमान एटीआर असेल तर त्याचा प्रवाशांचा दरवाजा मागच्या बाजूला असतो, पुढं सामानाचा कप्पा असतो. लोक सवयीनं पुढची जागा मागतात आणि मग अरुंद वाटेतून सगळी लांबी चालत जातात. तुम्ही मागच्या रांगेतली घ्या, चढायला-उतरायला चार पावलं. दोन्ही प्रकारच्या विमानांत दोन-दोनच जागा असतात, मधली जागा नसते, त्यामुळं तुम्ही दोघी शेजारी-शेजारी बसाल. व्हीलचेअर हवी असल्याचं तिकीट काढतानाच नोंदवा, निदान दोन दिवस आधी. तपासणीचे कागद, एक्स-रे आणि औषधं हातातल्या पिशवीत, खालच्या सामानात टाकू नका. एटीआरचे डोक्यावरचे कप्पे लहान असतात, चाकांची मोठी बॅग त्यात बसत नाही, म्हणून पिशवी मऊ कापडाची घ्या.

परतीचं तिकीट तपासणीच्या दिवसाचं काढू नका, दवाखान्यातून किती वाजता सुटाल हे कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशीचं काढा, आणि येताना आईंना उजव्या खिडकीशी बसवा. हवा स्वच्छ असेल आणि विमान नेहमीच्या वाटेनं आलं तर उतरायला लागल्यावर त्या बाजूला जोतिबाचा डोंगर दिसेल.